व्हॅनलाइफ झकास, पण पाइप तपासलास?

इन्स्टावर 'व्हॅनलाइफ' असं टाकून बघा. पाच-सहा रील्स सरकवली की ती दिसणारच. दोन रंगांत रंगवलेली, गोल डोळ्यांची, छातीवर भलामोठा 'व्हीडब्ल्यू' मिरवणारी फोक्सवॅगनची जुनी व्हॅन. मागचं दार वर उचललेलं, आत गादी, गादीवर चौकटीची चादर, छताला दिव्यांची माळ, हातात कॉफीचा मग आणि समोर समुद्र. आपण ते रील सेव्ह करतो, ग्रुपवर टाकतो आणि खाली लिहितो, 'डिग्री झाली की हेच करायचं!'

आता तेच रील पुन्हा लावा आणि एक गोष्ट शोधा. ती गादी नेमकी कशावर टाकलीये? इंजिनावर. या व्हॅनचं इंजिन मागे असतं आणि गादीचा मागचा भाग थेट त्याच्या डोक्यावर येतो. इंजिनाला लागूनच पेट्रोलची टाकी. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे करंगळीपेक्षाही बारीक रबरी पाइप. तो कोणत्याच रीलमध्ये दिसत नाही. पण अख्ख्या गाडीचं, आणि गादीवर झोपणाऱ्याचंही, भवितव्य त्याच्यावर टांगलेलं असतं.

जुन्या कॅम्परच्या प्रेमात असणाऱ्या प्रत्येकाने या पाइपची गोष्ट वाचायलाच हवी. आणि घरी बाबांची मारुती ८०० किंवा काकाची आरएक्स १०० उभी असेल, तर त्यांनीसुद्धा!

एका स्केचमधून निघालेलं घर

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. बेन पॉन नावाचा एक डच व्यापारी जर्मनीत वोल्फ्सबर्गच्या फोक्सवॅगन कारखान्यात गेला. तिथे कामगारांनी बीटल गाडीचेच भाग वापरून सामान वाहण्यासाठी एक सपाट गाडा बनवला होता. तो बघून पॉनच्या डोक्यात कल्पना आली आणि १९४७ मध्ये त्याने वहीत एका डबेवजा गाडीचं चित्र काढलं. मागे इंजिन, पुढे चालक, मध्ये भरपूर जागा. १९५० मध्ये ही गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात बसवण्यासाठी झोपण्याचं आणि स्वयंपाकाचं सामान तयार केलं. डब्याचं घर झालं.

१९६७ मध्ये दुसरी पिढी आली. पुढे दोन तुकड्यांच्या काचेऐवजी एकच रुंद, बाकदार काच. जर्मनीत ही पिढी १९७९ पर्यंत बनत होती. ब्राझीलने मात्र 'कोंबी' या नावाने तिचं उत्पादन थेट २०१३ पर्यंत चालू ठेवलं. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातले हिप्पी इस्तंबूल, तेहरान, काबूल असं करत जमिनीवरून भारतात यायचे आणि त्यातले बरेच गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर टेकायचे. त्या वाटेवर इतर गाड्यांबरोबर या व्हॅनही धावल्या. 'लिटल मिस सनशाइन'मध्ये अख्खं कुटुंब ढकलत ढकलत चालू करतं, ती पिवळी व्हॅन याच दुसऱ्या पिढीतली.

म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण जर्मन 'टी-टू'सुद्धा पंचेचाळिशी ओलांडलेली आहे. पत्रा नवा टाकता येतो, रंग नवा मारता येतो. पण रबराचं वय लपत नाही.

टाकी ते कार्बोरेटर

आजच्या गाडीत पेट्रोलचं सगळं गणित एक छोटा कॉम्प्युटर सांभाळतो. या व्हॅनमध्ये ते काम गुरुत्वाकर्षण, एक पडदा आणि एक तरंगता डबा मिळून करतात. प्रवास असा आहे.

पत्र्याची टाकी गिअरबॉक्सच्या वर बसते. टाकी आणि इंजिन यांच्या मध्ये पत्र्याची एक भिंत असते. टाकीच्या तळातून पेट्रोल निघतं, रबरी पाइपमधून ती भिंत पार करतं आणि पंपाकडे येतं. कार्बोरेटरवाल्या नेहमीच्या मॉडेलमध्ये हा पंप विजेवर चालत नाही, तो इंजिनाच्या फिरण्यावरच चालतो. त्याच्या पोटात रबरी पडदा असतो. पडदा खाली-वर झाला की पेट्रोल ओढलं आणि ढकललं जातं. आपल्याकडचे जुने मेकॅनिक अशा पंपाला 'एसी पंप' म्हणतात. गाडीच्या एसीशी त्याचा काडीचा संबंध नाही, ते 'एसी' हे ब्रँडचं नाव होतं, ते चिकटून बसलं.

पंपातून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये येतं. तिथे एका वाटीत फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुईच्या आकाराचा एक व्हॉल्व्ह बंद करतो. आपल्या घराच्या पाण्याच्या टाकीत बॉलकॉक असतो ना, अगदी तसंच. वाटीतलं पेट्रोल मग जेटच्या बारीक भोकातून हवेत मिसळतं आणि इंजिनात जातं.

किती साधं! म्हणूनच या गाड्या पन्नास वर्षांनंतरही रस्त्याकडेला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दुरुस्त होतात. पण या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक जोडावर रबर आहे. टाकीखालचा पाइप, पंपाआधीचा, पंपानंतरचा, टाकीत पेट्रोल ओतायच्या नळीचा जोड, टाकीतली वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्या, शिवाय पंपातला पडदा. एक जरी फाटला तरी पेट्रोल बाहेर.

आग लागते ती अशी

टाकी उंचावर असल्यामुळे पाइप फाटला तर गाडी बंद असतानाही पेट्रोल आपोआप खाली वाहत राहतं. पंप चालू असायची गरजच नाही. आणि पंपाच्या शेजारी कोण बसलंय? डिस्ट्रिब्युटर. प्लगकडे ठिणगी पाठवणारा. एकीकडे पेट्रोल, एकीकडे ठिणगी, आजूबाजूला हवेवर थंड होणारं तापलेलं इंजिन. आगीला आणखी काय हवं?

बरं, हे सगळं घडतं चालकाच्या पाठीमागे, दोन-तीन मीटर लांब. नेहमीच्या गाडीत बॉनेटमधून धूर आला की समोर दिसतो. इथे आरशात धूर दिसेपर्यंत किंवा मागून कुणी हॉर्न मारून खुणावेपर्यंत पत्ताच लागत नाही. त्यात कॅम्पर म्हणजे प्लायवुडची कपाटं, फोमची गादी, पडदे, कापडी तंबूचं छत. एकदा आत शिरली की आग काही मिनिटांत घर खाते.

या इंजिनाची आणखी एक खोड आहे. बीटलच्या घराण्यातल्या १६०० सीसी इंजिनाचं केसिंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असतं. मॅग्नेशियम पेटलं की डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ज्योतीने जळतं आणि त्यावर पाणी मारलं तर आणखी भडकतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये चिमट्यात धरून जाळलेली ती फीत आठवतेय? तेच, पण इंजिनाच्या आकाराचं.

म्हणून जगभरातले या व्हॅनचे मालक नवी गाडी हातात आली की आधी पडदे शिवत नाहीत. आधी सगळे पेट्रोल पाइप बदलतात. सोबत ड्रायव्हर सीटच्या हाताशी अग्निशामक सिलिंडर लावतात. काही जण इंजिनाच्या डब्यात उष्णतेने आपोआप फुटून आग विझवणारी नळीही बसवतात.

'एकदम ओरिजिनल' म्हणजे काय?

इथे खरी गंमत आणि खरं भांडण आहे. जुन्या गाड्यांच्या दुनियेत 'ओरिजिनल' या शब्दाला सोन्याचा भाव. पहिल्या पिढीतल्या २३ खिडक्यांच्या मॉडेलला अमेरिकेतल्या लिलावात दोन लाख डॉलरपेक्षा जास्त किंमत मिळालेली आहे. तेव्हा मूळ सीट कव्हर, मूळ काच, मूळ रेडिओ जपण्यासाठी लोक जिवाचं रान करतात.

पण मूळ पाइप? त्या काळातल्या फोक्सवॅगनच्या पेट्रोल पाइपवर वरून कापडी विणकाम असायचं. दिसायला एकदम व्हिंटेज! अडचण अशी की आतलं रबर तडकलं तरी वरचं कापड ते झाकून ठेवतं. बाहेरून पाइप शाबूत दिसतो, आतून त्याचा पापड झालेला असतो. कळतं तेव्हा कापड ओलं झालेलं असतं.

आणि रबर किलोमीटर मोजत नाही, कॅलेंडर मोजतं. 'गाडी फार चाललेलीच नाही, गॅरेजमध्ये उभीच होती' हे ऐकून खरेदी करणारा खूश होतो. खरं तर पाइपच्या बाबतीत ही वाईट बातमी आहे. उष्णता, हवेतला ओझोन आणि पेट्रोल यांच्यामुळे रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. उभ्या गाडीत आणखी एक होतं. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, तो जेटच्या बारीक भोकात जाऊन बसतो. मग गाडी धडपडते आणि आपण म्हणतो, 'कचरा आलाय.'

जपायचं काय आणि फेकायचं काय, हे ज्याला कळतं त्याची गाडी टिकते. डॅशबोर्ड जपा. पाइप मात्र दर चार-पाच वर्षांनी, तो चांगला दिसत असला तरी, काढून टाका. पाइप फेकल्याने गाडीचा इतिहास कमी होत नाही. उलट तो पुढे चालू राहतो.

छोट्या चुका, मोठा खर्च

नवा पाइप टाकला म्हणजे झालं, असंही नाही. कसा टाकला हे महत्त्वाचं.

एक, माप. जर्मन गाडीच्या नळ्या मिलीमीटरमध्ये. त्यावर पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलीमीटरचा पाइप चढवला की तो सैल बसू शकतो. मग क्लिप करकचून आवळली जाते आणि क्लिपच पाइप कापते. छिद्रं असलेल्या पट्टीच्या क्लिपा बारीक पाइपात अशाच रुततात. गुळगुळीत कडांच्या, छोट्या नटबोल्टच्या क्लिपा त्यासाठी बऱ्या.

दोन, फिल्टरची जागा. अनेक जण पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये, इंजिनाच्या वर फिल्टर लटकवतात. बघायला सोयीचं पडतं. पण कार्बोरेटरच्या तोंडाशी पितळेची छोटी नळी नुसती दाबून बसवलेली असते. फिल्टरचं वजन आणि इंजिनाची थरथर यांनी ती सैल होऊन निसटते आणि पेट्रोलची धार थेट इंजिनावर पडते. म्हणून जाणकार फिल्टर पंपाच्या आधी, इंजिनाच्या डब्याबाहेर लावतात आणि ती पितळी नळी घट्ट आहे ना ते हाताने बघतात.

तीन, दाब. १९७५ पासून अमेरिकेत विकलेल्या व्हॅनमध्ये कार्बोरेटरऐवजी बॉशची फ्युएल इंजेक्शन यंत्रणा आली. कार्बोरेटरच्या पाइपमधला दाब जेमतेम पाव बारच्या आसपास, इंजेक्शनमध्ये दोन बारच्या वर. कार्बोरेटरचा पाइप तिथे वापरणं म्हणजे कुंडीच्या नळीला बोअरवेलचा पंप जोडण्यासारखं.

चार, पंपाचा पडदा. तो फाटला तर पेट्रोल कधी कधी बाहेर न येता इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. ऑइलची काडी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला आणि पातळी भरल्यापेक्षा वाढलेली दिसली, तर गाडी चालवू नका.

आता त्यात इथेनॉल

पिक्सारच्या 'कार्स'मध्ये फिलमोर नावाची हिप्पी व्हॅन आहे. फोक्सवॅगनचीच. ती स्वतः बनवलेल्या ऑरगॅनिक इंधनाचं कौतुक सगळ्यांना सांगत फिरते. प्रत्यक्षात वनस्पतीपासून बनलेलं इंधन म्हटलं की जुन्या व्हॅनच्या मालकांच्या कपाळावर आठ्या पडतात.

कारण इथेनॉल. जुनं रबर इथेनॉल लक्षात ठेवून बनवलेलंच नव्हतं. त्याच्या संगतीत ते फुगतं, मऊ पडतं किंवा कडक होऊन तडकतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं. तिथे गंज सुरू होतो, तो गंज फिल्टरमध्ये आणि तिथून पुढे. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे ठरावीक मापाचं भोक, त्याला काय कळणार? मिश्रणात हवेचं प्रमाण वाढतं आणि हवेवर थंड होणारं इंजिन आणखी तापतं.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं 'ई-१०' हे नेहमीचं पेट्रोल झालं. जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांपर्यंतचं 'ई-५' वापरा, असं तिथे सांगितलं जातं, आणि ते पंपावर मिळतंही. ज्यांना ते परवडत नाही ते पाइप बदलतात. आतून फ्लुओरोइलॅस्टोमर नावाच्या रबराचा थर असलेले पाइप इथेनॉलला दाद देत नाहीत. अशा पाइपवर 'एसएई जे-३० आर-९' असा शिक्का असतो.

आपल्या पार्किंगमधली गोष्ट

आता म्हणाल, ब्रिटनचं ब्रिटनला, आपल्याकडे कुठे आहेत त्या व्हॅन? मोजक्या आहेत. पण कार्बोरेटर मात्र घरोघरी आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झोपलेली मारुती ८००, आजोबांची स्कूटर, कुणाची येझदी, कुणाची आरएक्स १००. भारतात 'ई-२०' पेट्रोल २०२३ मध्ये यायला लागलं आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य गाठलं गेलं. म्हणजे ब्रिटनच्या दुप्पट. यातलं बरंचसं इथेनॉल आपल्या ऊसपट्ट्यातल्या मळीपासून आणि रसापासून बनतं, शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, आयात तेलाचा खर्च वाचतो. धोरणावर वाद घालायला कॉलेजचा कट्टा आहेच. पण वादाचा निकाल लागेपर्यंत पाइप थांबत नाही.

जुनी बाइक किंवा कार पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर सुरुवात सायलेन्सर आणि स्टिकरपासून करू नका. गॅरेजमध्ये जाऊन सांगा, 'दादा, आधी टाकी रिकामी करून धुऊ, सगळे पेट्रोल पाइप आणि क्लिपा नव्या टाकू, कार्बोरेटर उघडून किट बदलू, मग किक मारू.' पारदर्शक प्लॅस्टिकचा स्वस्त पाइप दिला तर नम्रपणे परत करा. तो काही महिन्यांत पिवळा पडतो, कडक होतो आणि टोकाशी चिरतो.

दहा मिनिटांची तपासणी

लांबच्या प्रवासाआधी, गाडी थंड असताना, मोकळ्या हवेत आणि आसपास कुणी सिगारेट ओढत नसताना एवढं करा.

• आधी नाक. पेट्रोलचा वास 'जुन्या गाडीला येतोच' असं म्हणून सोडू नका. वास म्हणजे कुठेतरी गळती. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल तर वरच्या नळीचा जोड किंवा वाफेच्या नळ्या बघा.

• मग बोटं. पाइप थोडा वाकवा. भेगा दिसल्या, कडक लागला किंवा चिकट लागला तर बदला. पत्र्याच्या भिंतीतून जातो तिथे घासला गेलाय का, तेही बघा.

• मग टॉर्च. मोबाइलचा चालेल. पंपाखाली, कार्बोरेटरभोवती आणि गाडी उभी होती त्या जमिनीवर ओलसर डाग आहे का?

• इंजिन चालू करून पुन्हा एकदा सगळे जोड लांबून बघा. दाब आल्यावरच काही गळत्या दिसतात.

• कॅम्पर असेल तर वास येत असताना आतली शेगडी पेटवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते.

• आग लागलीच तर गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, लांब जा आणि ११२ किंवा १०१ लावा. इंजिनाचं झाकण सताड उघडू नका, आत हवा शिरते आणि भडका उडतो. सामान, लॅपटॉप, गिटार, सगळं पुन्हा घेता येतं.

दुसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये टाकी बाहेर काढायची तर आधी इंजिन उतरवावं लागतं. म्हणून अनुभवी मालक एक युक्ती करतात. कोणत्याही कामासाठी इंजिन खाली आलं की टाकीखालचा, वाफेचा, हात न पोहोचणारा प्रत्येक पाइप त्याच दिवशी बदलून टाकतात. पुन्हा ती संधी कधी येईल, सांगता येत नाही.

स्वप्नाच्या यादीत कॅम्पर असेल तर जरूर ठेवा. माळ लावा, पडदे शिवा, प्लेलिस्ट बनवा. फक्त त्या यादीत सगळ्यात वर, माळेच्याही आधी, 'पेट्रोल पाइप, क्लिपा, फिल्टर' असं लिहा. या तिन्हींचा खर्च गाडीच्या किमतीपुढे चिल्लर आहे. आणि त्या खर्चानंतर इंजिनावरच्या गादीवर निवांत झोप लागते.